मूठ कितीवर आहे?

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझ्यात काही ठेवायची सोय नाही. लोक मला उघडायला बघतात. झाकण शोधतात, कडी शोधतात, कानाशी धरून हलवतात. परवा कपाट आवरायला आलेल्या एका मुलीने तर मला जुना रेडिओ समजून माझी मूठ पिरगाळली आणि गाणं लागेना तेव्हा "बिघडलाय" म्हणून परत ठेवून दिलं. अहो, बिघडलाय काय! मला गाणं कधी येतच नव्हतं. मला फक्त एक प्रश्न विचारता यायचा, आणि तो विचारण्यात माझा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं.

माझं रूप सांगते. बेताची उंची, गडद पॉलिश, समोर अर्धगोल तबकडी, तिच्यावर एक काटा आणि खाली हातात मावेल अशी गोल मूठ. मूठ फिरवली की काटा सरकतो आणि प्रत्येक घराला 'टक्' असा आवाज होतो. डाव्या टोकाला शून्य आहे, तिथे 'काहीच नाही' असं लिहिलंय. उजव्या टोकाला दहा, तिथे 'सोसवत नाही'. मधल्या घरांवर नुसते आकडे आहेत. त्यांचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा.

माझा जन्म एका कॉलेजच्या तळघरात, सुतारकामाच्या खोलीत झाला. तिथले सुतारकाका बाकं दुरुस्त करायचे, खुर्च्यांना पाय लावायचे. एक दिवस मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाई जिना उतरून खाली आल्या. त्या तेव्हा नव्यानेच नोकरीला लागल्या होत्या आणि वयाने इतक्या लहान दिसत की काकांनी त्यांना विद्यार्थिनी समजून "फी वरच्या मजल्यावर भरायची" असं सांगून टाकलं. बाई हसल्या आणि तिथल्याच एका मोडक्या बाकावर बसल्या.

"काका, मला माणसाचं दुखणं विचारणारी पेटी करून हवी आहे."

"दुखणं तोंडाने विचारायचं. त्याला पेटी कशाला?"

"तोंडाने विचारलं की सगळे म्हणतात, बरंय."

काका हातातला रंधा तसाच धरून थांबले. त्यांची दाढ त्या दिवशी ठणकत होती आणि सकाळी बायकोने विचारलं तेव्हा त्यांनी नेमकं हेच उत्तर दिलं होतं. खरंच आहे ते, मित्रांनो. 'बरंय' हे सगळ्या पातेल्यांवर बसणारं झाकण आहे. आत काय शिजतंय ते कुणाला दिसत नाही. काकांनी त्याच आठवड्यात कामाला हात घातला. मूठ मात्र त्यांनी खरोखरच एका मोडीत निघालेल्या रेडिओची बसवली, त्यामुळे त्या मुलीला फार दोष देण्यातही अर्थ नाही म्हणा.

मी तयार झाले, पण माझं कौतुक कुणाला? बाईंच्या विभागाचे प्रमुख होते, त्यांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांच्या खोलीत तारांचं जंजाळ असलेलं एक यंत्र होतं. ते माणसाच्या नाडीचे ठोके आणि तळहाताचा घाम मोजायचं. मला पाहून मोठे सर म्हणाले, "माणूस स्वतःबद्दल जे सांगतो त्याला शास्त्र म्हणत नाहीत. माणसं थापा मारतात."

"मारतात, सर," बाई म्हणाल्या. "चुकतातही. पण माझी दाढ ठणकत असेल, तर ती किती ठणकतेय हे मला सोडून कुणाला कळणार? ज्याचं त्यालाच विचारायला हवं. कसं विचारायचं, ते आपण शिकायचं."

"करा काय ते," मोठे सर म्हणाले. परवानगी आणि वैताग एकाच सुरात.

अशी मी रस्त्यापलीकडच्या इस्पितळात, हाडांच्या वॉर्डात दाखल झाले. बाईंनी तिथे आधी कागदावरची प्रश्नावली वापरून पाहिली होती. पण कुणाचा उजवा हात प्लास्टरमध्ये, कुणाचा चष्मा घरी राहिलेला, कुणाला आडवं पडून लिहिता येत नाही. मूठ फिरवायला मात्र कुणाची हरकत नव्हती. बाई रोज सकाळी मला काखोटीला मारून यायच्या, पेशंटच्या पुढ्यात ठेवायच्या आणि विचारायच्या, "आत्ता किती दुखतंय?" सिस्टर लोक मला कुरकूरपेटी म्हणायच्या. "आली बाई कुरकूरपेटी!" असं दारातूनच ऐकू यायचं. मला सुरुवातीला भारी राग यायचा. नंतर एकदा बाई तापाने आजारी पडल्या आणि आठवडाभर मला कुणी कुरकूरपेटी म्हटलं नाही, तेव्हा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

काय एकेक माणसं पाहिली मी! एक कारकून होते, ते मूठ नेहमी पाचवर ठेवायचे. विचारलं तर म्हणायचे, "मधोमध बरं असतं. आपण कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही." गाणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना पूर्ण आकडे पसंतच नव्हते. त्या काटा तीन आणि चारच्या मधे अडकवून ठेवायच्या आणि तो घसरला की माझ्यावरच डोळे वटारायच्या. एक आजोबा आधी शेजारच्या खाटेवर किती आकडा आला ते विचारून घ्यायचे आणि मग त्याच्यापेक्षा एक घर पुढे जायचे. दुखण्यातसुद्धा माणसाला शेजाऱ्यापेक्षा कमी चालत नाही, हे मला तिथे कळलं.

आणखी एक गंमत. आदल्या दिवशी आठवर असलेल्या माणसाला बाई दुसऱ्या दिवशी विचारायच्या, "काल किती दुखत होतं हो?" तो आता बरा झालेला असायचा. म्हणायचा, "काल? छे, काल चार असेल फार तर." काल ह्याच माणसाने खाटेची दांडी वाकेल इतकी आवळली होती! म्हणून बाईंनी 'आत्ता' हा शब्द कधी सोडला नाही. आणि त्यांच्याबरोबर येणारी विद्यार्थी मंडळी "पेटीने सात मोजलं" असं म्हणाली, की त्या लगेच अडवायच्या. "पेटीने काही मोजलं नाही. त्यांनी सांगितलं, आपण ऐकलं." मला ते थोडं लागायचं. पण खरं होतं.

हळूहळू माझे दिवस आले. वॉर्डाचे डॉक्टर आधी मला पाहून नाक मुरडायचे. पण माझा आकडा बघून औषध कमीजास्त केलं तर पेशंटला आराम पडतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग फेरीला आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मूठ कितीवर आहे?" मोठे सर एकदा पाहुण्यांना घेऊन आले आणि "ही आमच्या विभागाची कल्पना" असं म्हणाले. बाईंनी गालातल्या गालात हसून माझ्यावरची धूळ झटकली. माझी तर कॉलर ताठ झाली. पेटीला कॉलर नसते, पण तुम्हाला कळलं.

पुढे चेहरे काढलेले छापील कागद आले, मग बोटाने सरकवायच्या काचेच्या पाट्या आल्या आणि मी कपाटात गेले. त्याचं रडगाणं मी गात नाही. ज्याचा त्याचा काळ असतो. पण इथे बसून मागचं आठवायला लागलं की त्या सगळ्या वर्षांतली एकच सकाळ पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येते. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय माझा जीव राहणार नाही.

त्या दिवशी वॉर्डात एक टेलरमास्तर होते. माळ्यावरून कापडाचा तागा काढताना ते शिडीवरून पडले होते आणि उजवा हात कोपराखाली मोडला होता. आदल्या दिवशीच प्लास्टर घातलं होतं. मास्तरांचं सगळं घर त्या हातावर चालायचं. कात्री त्याच हातात, सुई त्याच हातात. खाटेजवळ स्टुलावर त्यांची बायको बसून होती. वॉर्डातले सगळे तिला काकू म्हणत. हात मोडला त्या दिवशी काकू दुकानात धावत आल्या, हात पाहिला आणि धाडकन चक्कर येऊन पडल्या. म्हणजे मोडक्या हाताचे मास्तरच डाव्या हाताने बायकोच्या तोंडावर पाणी मारत बसले. ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायचे. पण काकूंनी पुन्हा तसं काही पाहायचं नाही, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

बाईंनी मला खाटेवर ठेवलं. तोवरच्या पद्धतीप्रमाणे माझी तबकडी सगळ्यांना दिसेल अशी आणि मूठ पेशंटच्या हाताशी. "मास्तर, आत्ता किती दुखतंय?"

मास्तरांनी काकूंकडे एकदा पाहिलं आणि डाव्या हाताने मूठ दोनवर आणली.

"वा, छान!" बाई म्हणाल्या. काकूंचा चेहरा खुलला. मागून डॉक्टर आले, त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "दोन? मग काय, दुपारी घरी सोडू. बोटं हलतात ना?"

"हलतात की," मास्तर म्हणाले आणि प्लास्टरच्या टोकाशी बोटं जराशी हलवून दाखवली. डॉक्टर हसून दुसऱ्या वॉर्डात गेले.

पण माझी मूठ ज्या तळव्यात होती तो तळवा घामाने चिंब झाला होता, मित्रांनो, आणि थंडगार. दोनवर थांबताना त्या बोटांनी मला करकचून धरलं होतं. खरंच दोनच दुखत असेल तर कुणी इतक्या जोराने धरत नाही. मला सगळं कळत होतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला कुठली वाचा! मी आपली दोनवर काटा धरून गप्प, आणि बाई मला उचलून पुढच्या खाटेकडे निघाल्या. दुपारी मास्तर घरी जाणार होते. त्या प्लास्टरच्या आत काहीतरी बिनसलं होतं आणि ते फक्त मास्तरांना आणि मला ठाऊक होतं.

पुढच्या खाटेवर एक ड्रायव्हरदादा होते, पाय मोडलेले. मेव्हण्याचं घर रंगवायला गेले आणि त्याच्याच गच्चीवरून घसरले. मेव्हणा भेटायला आला की ते मूठ थेट दहावर न्यायचे आणि तो गेला की सातवर आणायचे. त्या सकाळी त्यांनी मूठ दोनवर ठेवली.

"अरे वा! रात्रीतून इतका फरक?" बाईंनी विचारलं.

"फरक कसला, बाई! पाय तसाच बोंबलतोय."

"मग दोन कशाला?"

"तुम्ही मास्तरांना काय आनंदाने वा म्हणालात! माझं सात बघितलं की रोज तुमचं तोंड एवढंसं होतं. म्हटलं, आपणही एक वा मिळवावी. तुम्ही एवढ्या आपुलकीने विचारता, उगाच तुमचं मन कशाला मोडायचं?"

अख्खा वॉर्ड हसला. पलीकडचे पाचवाले कारकूनसुद्धा हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा खाडकन उतरला. "म्हणजे उत्तर मीच शिकवत होते की सगळ्यांना," त्या पुटपुटल्या. बाईंचा स्वभावच तसा होता हो. कमी दुखतंय म्हटलं की त्यांना मनापासून आनंद व्हायचा आणि तो लपवता यायचा नाही. त्या मायेनेच सगळा घोटाळा केला होता. माणसं त्यांना जीव लावून बसली होती आणि त्यांच्यासाठी आपलं दुखणं गिळत होती.

त्यांनी वळून मास्तरांकडे पाहिलं. आणि मग मास्तर ज्यांच्याकडे पाहत होते, त्या काकूंकडे पाहिलं.

बाई मला घेऊन तशाच मागे आल्या. ह्या वेळी त्यांनी काटा शून्यावर आणून मला उलटं ठेवलं, तबकडी फक्त मास्तरांच्या तोंडासमोर. काकू आणि मी यांच्यामध्ये एक उशी उभी केली. आणि स्वतः पाठ फिरवून खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"मास्तर, आता काटा तुमच्याशिवाय कुणाला दिसत नाही. काकूंना नाही, मलाही नाही. खरं असेल तिथे ठेवा. मी वा म्हणणार नाही आणि अरेरेही म्हणणार नाही."

"गिऱ्हाइकाकडे पाठ करून मापं कशी घेणार, बाई?" मास्तर म्हणाले. कुणी हसलं नाही.

मास्तरांनी मधल्या उशीकडे एकदा पाहिलं. मग त्यांचा हात मुठीवर आला. टक्. टक्. दोनवर तो सवयीने थांबला. त्यांनी डोळे मिटले आणि पुढे निघाले, एकेक घर, सावकाश. शेवटी काटा टोकाला जाऊन टेकला, तरी हात दाबतच होता. माझ्या आतली कळ मोडते की काय असं मला वाटलं. मोडली असती तरी चाललं असतं.

"बाई," मास्तर अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "ह्याच्या पुढे घर नाही का हो?"

बाई गर्रकन वळल्या. त्यांनी काटा पाहिला आणि त्या धावत सुटल्या. वर्गातसुद्धा आवाज न चढवणाऱ्या आमच्या बाई जिन्यावरून "डॉक्टर! डॉक्टर!" असं ओरडत गेल्या. डॉक्टर आले आणि त्यांनी मास्तरांचं एक बोट अलगद सरळ केलं. मास्तर किंचाळले. त्याबरोबर डॉक्टरांचा चेहरा बदलला. हात आतून सुजला होता आणि प्लास्टर शिकंज्यासारखं आवळत चाललं होतं. त्यांनी तिथल्या तिथे ते उभं चिरलं, आतला कापूस कापला, हात मोकळा केला आणि पुन्हा पुन्हा नखं दाबून पाहत बसले. किती वेळ गेला कोण जाणे. फिकी पडलेली बोटं हळूहळू गुलाबी व्हायला लागली. मास्तरांनी मोठा श्वास सोडला आणि त्यांचे खांदे खाली आले.

"हे दुपारी घरी गेले असते," डॉक्टर म्हणाले, "तर हा हात कात्री धरायला उरला नसता."

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. आता ह्या पडणार, म्हणून एक सिस्टर पुढेही झाली. पण काकू स्टुलावरून उठल्या त्या ताठ उभ्या राहिल्या.

"सकाळपासून दोन, दोन म्हणत होतात!"

"तू घाबरशील म्हणून गं."

"घाबरले असते! मग? घाबरून कुणी मरतं होय? मी काय काचेची आहे? परवा चक्कर आली, पण उठले ना परत? का तुम्हीच सगळं सोसायचं आणि मी इथे बसून तुमच्या दोनला हसायचं?"

 बाईंनी मला उचलायला हात पुढे केला, तर काकूंनी त्यांचं मनगट धरलं.

"बाई, ही पेटी फक्त आजाऱ्यालाच देता का? जवळ स्टुलावर बसतो त्याला नाही विचारत?"

 इतकी वर्षं मी त्या वॉर्डात फिरले, पण स्टुलावरच्या माणसाला कुणी कधी विचारलं नव्हतं. "काकू, ही दुखण्याची पेटी आहे," बाई कशाबशा म्हणाल्या.

"दुखतंच आहे," काकू म्हणाल्या.

बाईंनी काटा परत शून्यावर आणला, मला त्यांच्या हातात दिलं आणि त्या पुन्हा खिडकीकडे वळल्या. काकूंनी मला मांडीवर घेतलं. कपड्यांना काजं-बटणं करून खरखरीत झालेला तो हात माझ्या मुठीवर आला आणि जराही न अडखळता पुढे गेला. काटा नऊवर थांबला. मग काकूंनी कुणी न सांगता मला उचललं आणि माझं तोंड मास्तरांकडे केलं.

मास्तर त्या काट्याकडे पाहत राहिले. "केव्हापासून?"

"तुम्ही पडलात तेव्हापासून."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

 मास्तरांनी डावा हात पुढे केला आणि मुठीवर ठेवलेल्या काकूंच्या हातावर ठेवला. मला वाटलं, आता ते मूठ मागे फिरवतील. तसं काही त्यांनी केलं नाही. काटा नऊवरच राहिला आणि ते दोघं तसेच बसून राहिले, आणि खरं सांगते, माझ्या सगळ्या आयुष्यात मला तेवढं सुख कधी झालं नाही.

त्या दिवसानंतर बाईंनी माझं तोंड कायम पेशंटकडे ठेवलं आणि कुठल्याही आकड्याला वा म्हणणं सोडलं. त्यांना ते फार जड गेलं. ओठ घट्ट मिटून उभ्या राहायच्या बिचाऱ्या. स्टुलावरच्या माणसांनाही त्या विचारू लागल्या, आणि काय सांगू, कित्येकदा खाटेवरचा आकडा लहान आणि स्टुलावरचा मोठा निघायचा.

म्हणून मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. मला कपाटातून काढा, पॉलिश करा, काचेत ठेवा, असं काही मी म्हणणार नाही. माझ्याशिवायही माझा प्रश्न विचारता येतो. घरात कुणी पडून असेल त्याला विचारा आणि त्याच्या उशाशी जो बसला असेल त्यालाही विचारा. विचारताना हवं ते उत्तर आपल्या चेहऱ्यावर आधीच मांडून ठेवू नका. जरा थांबा, माणसाला आपलं घर सापडायला वेळ लागतो. आणि उत्तर नऊ आलं, तर त्याचं दोन करायची घाई करू नका. आधी हात धरा.